बर्फाचा ट्रॅक नसलेल्या देशाचा लूज चॅम्पियन

मुंबईत बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा नाहीतर मासळी बाजारातला, त्यामुळे शिवा केशवन हे नाव इथे फार कुणाला माहीत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा, वडील मल्याळी, आई इटालियन, आणि १९९८ ला नागानोत सोळाव्या वर्षी थेट विंटर ऑलिम्पिक!

लूज म्हणजे छोट्याशा स्लेजवर उताणं झोपायचं, पाय पुढे, आणि बर्फाच्या ट्रॅकवरून ताशी शंभर-सव्वाशे किमीने खाली यायचं. ब्रेक नाही. वळायचं ते पोटऱ्यांनी स्लेजची पुढची टोकं दाबून आणि खांद्यांनी किंचित जोर देऊन, मान जरा जास्त उचलली तरी वेग कमी होतो. आपल्याकडे असा ट्रॅकच नाही, म्हणून पठ्ठ्याने स्लेजला चाकं लावली आणि हिमालयातल्या घाटरस्त्यांवर ट्रक, मेंढ्यांचे कळप यांच्यामधून सराव केला, तो व्हिडिओ बघाच, अंगावर काटा येतो.

२०११ मध्ये नागानोलाच एशिया कपचं गोल्ड, पुढे आणखी गोल्ड. २०१४ ला सोचीत मात्र आपल्या ऑलिम्पिक संघटनेवर बंदी होती म्हणून त्याला तिरंग्याशिवाय उतरावं लागलं, खेळाडूची काय चूक हो त्यात? २०१८ ला प्याँगचांगमध्ये सहावं ऑलिम्पिक खेळून तो थांबला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, २०२० चा. इतका उशीर!