अर्धवट मशीन कुणाचं?

३१ मार्चला संध्याकाळी मी वही घेऊन खाली वर्कशॉपमध्ये उतरते. साकीविहार रोडच्या आतल्या बाजूला आमचा जोडगाळा आहे. वरच्या माळ्यावर ऑफिस, खाली लेथ, मिलिंग, वेल्डिंगचा पडदा आणि मधल्या मोकळ्या जागेत उभी असलेली अर्धी-मुर्धी मशीनं. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने साकीनाका, हा माझा रोजचा रस्ता. या गाळ्यात मला चोवीस वर्षं झाली. हिशेबाचं काम बसून करायचं असतं असं सगळ्यांना वाटतं. आमच्या धंद्यात ते उभं राहून, मशीनच्या भोवती एक फेरी मारून करावं लागतं.

आम्ही औषध कंपन्यांसाठी पॅकिंगची मशीनं बनवतो. कॅटलॉगमध्ये छापलेलं एकही नाही. कुणाची बाटली चौकोनी, कुणाचं झाकण दोन पदरी, कुणाला ट्रेमध्ये बारा व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या, हव्यात तर कुणाला वीस. ऑर्डर आल्यावर ड्रॉइंग, ड्रॉइंग पास झाल्यावर माल, मग सात-आठ महिने काम. आधी ३० टक्के ॲडव्हान्स, डिस्पॅचच्या वेळी ६० टक्के, आणि उरलेले १० टक्के त्यांच्याकडे मशीन बसून नीट चालल्यावर.

आता सांगा, यातला कुठला दिवस विक्रीचा? किराणा दुकानात पुडा हातात दिला, पैसे घेतले, विक्री झाली. आमच्याकडे पैसे येतात एका महिन्यात, बिल होतं दुसऱ्या वर्षात आणि काम चालतं या दोन्हींच्या मधे. नवीन मुलं टॅली शिकून येतात आणि विचारतात, ‘ताई, ॲडव्हान्स विक्रीत टाकू?’ मी त्यांना आधी खुर्चीवर बसवते. ॲडव्हान्स हे देणं आहे. मशीन दिलं नाही तर ते पैसे परत करायचे आहेत. तो आकडा ताळेबंदात देण्याच्या बाजूलाच बसतो, आपण कामाने तो फेडेपर्यंत.

२०१२ च्या मार्चमध्ये मी एक चूक केली, ती इथे लिहायलाच हवी. वर्षाचं टार्गेट थोडक्यात अडलं होतं. एक मशीन जवळपास तयार होतं, ट्रायल बाकी होती. साहेब म्हणाले, बिल फाडून टाका, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाडी लागेलच. मी बिल केलं, एक्साइज भरली, विक्री दाखवली. ट्रायलमध्ये झाकणं तिरकी बसायला लागली. ग्राहकाने बाटलीही बदलली. मशीन ऑगस्टपर्यंत प्लॅस्टिकच्या कागदाखाली आमच्याच छपराखाली उभं राहिलं, आणि मधे मे महिन्यात त्यांनी बिल परत पाठवलं. जिन्यावरून येताजाता ते झाकलेलं मशीन दिसायचं. कागदावर आम्ही ते विकलं होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, असं मी तेव्हा म्हणाले. पण टॅलीमध्ये एंट्री माझ्या हाताने झाली होती.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही दुसरी पद्धत धरली होती. बांधकामाच्या कंत्राटांसाठी हिशेबाचं जे जुनं मानक, म्हणजे ठरलेला नियम, होता, त्याप्रमाणे काम जेवढं टक्के झालं तेवढी विक्री दाखवायची. पूल बांधणारा जशी वर्षावर्षाला विक्री धरतो, तसंच. मला ती पद्धत रास्त वाटायची. आठ महिने पन्नास माणसं राबली, तर त्या आठ महिन्यांत विक्री शून्य कशी?

मग आमचे बहुतांश शेअर शेअर बाजारात नोंद असलेल्या एका कंपनीने घेतले. ती इंड एएस, म्हणजे नोंद असलेल्या आणि मोठ्या कंपन्यांची हिशेबाची नवी मानकं, पाळत होती, म्हणून आम्हालाही ती लागू झाली. आणि २८ मार्च २०१८ ला सरकारने इंड एएस ११५ जाहीर केलं, १ एप्रिलपासून लागू. जुनं विक्रीचं मानक आणि जुनं कंत्राटाचं मानक, दोन्हींच्या जागी हे एकच. (स्वतंत्र छोट्या कंपन्या, म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही आणि नक्त मालमत्ता २५० कोटींच्या आत, त्या आजही जुन्या एएस ७ (कंत्राटाचं) आणि एएस ९ (विक्रीचं) या मानकांवरच चालतात. तुम्ही त्यातले असाल तरी पुढचं वाचा, कारण प्रश्न तोच आहे.)

नव्या मानकाने मला एक प्रश्न विचारायला लावला, जो मी सोळा वर्षांत कधी विचारला नव्हता. खाली उभं असलेलं हे अर्धवट मशीन आत्ता, या क्षणी, कुणाचं आहे?

काम चालू असतानाच विक्री धरायची, तर आमच्या धंद्यात दोन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात. पहिली, हे मशीन दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, निदान मोठी तोडफोड केल्याशिवाय तरी नाही. ही अट आमच्याकडे सहज पुरी होते. त्यांच्याच बाटलीच्या मापाचे सगळे भाग असतात, दुसऱ्या गिऱ्हाइकाला ते भंगाराच्या भावात. दुसरी अट मात्र घशात अडकते. उद्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या मर्जीने ऑर्डर रद्द केली, तर आजपर्यंत झालेल्या कामाचे पैसे आपण हक्काने मागू शकतो का? नुसता खर्च नव्हे. खर्च आणि त्यावर वाजवी नफा. आणि तो हक्क कायद्यात टिकणारा हवा.

त्या एप्रिलमध्ये मी हातातल्या सहा ऑर्डरी काढून बसले. पीओचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी ऑर्डरीचं, पहिलं पान सगळे वाचतात: किंमत, तारीख, माप. मी मागची पानं वाचली, बारीक अक्षरातल्या सर्वसाधारण अटी. दोन ठिकाणी रद्द झाल्यास झालेल्या कामाच्या प्रमाणात किंमत देऊ असं लिहिलं होतं. तिघांनी फक्त मालाचा खर्च देऊ म्हटलं होतं, नफ्याचं नाव नाही. एकाने तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन काही न देता रद्द करण्याचा अधिकार ठेवला होता. आणि आम्ही त्यावर सही-शिक्का केला होता! इतकी वर्षं त्या पानांवर आमचा शिक्का पडत होता आणि आमच्यापैकी कुणीही ती वाचली नव्हती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चार ऑर्डरींची टक्केवारीने धरलेली विक्री आणि नफा मागे घ्यावा लागला. १ एप्रिल २०१८ च्या सुरुवातीच्या राखीव निधीतून तो वजा झाला, आणि मशीनं गेल्यावर पुढच्या वर्षी तीच विक्री पूर्ण पुन्हा आली. साहेबांना हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. ‘गेल्या वर्षी कमावलेला नफा कुठे गेला?’ ते तीनदा विचारत राहिले. मी म्हणाले, साहेब, तो आपला झालाच नव्हता, कारण मशीन आपलंच होतं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, ‘यापुढे पीओ आधी तुमच्याकडे येईल.’

याच वेळी मुंबईत घरं बांधणाऱ्या अनेक कंपन्यांवरही हीच वेळ आली. इमारत जसजशी वर जाईल तसतशी विक्री धरायची त्यांची सवय होती. नव्या मानकानंतर अनेकांना ताबा देईपर्यंत थांबावं लागलं. तिथेही प्रश्न तोच, अर्धवट फ्लॅट कुणाचा.

ज्या ऑर्डरींमध्ये हक्क आहे, तिथे मी आजही टक्केवारी काढते. एक उदाहरण देते, आकडे समजायला सोपे केलेत. मशीनची किंमत ८० लाख, एकूण अंदाजे खर्च ६० लाख. ३१ मार्चला त्या जॉबच्या खात्यात ३३ लाख पडलेत. सरळ भागाकार केला तर ५५ टक्के काम, म्हणजे ४४ लाख विक्री. इथेच थांबणारे खूप जण मी पाहिलेत. मी खाली उतरते. स्टोअरमध्ये ९ लाखांच्या सर्वो मोटर आणि कंट्रोलर खोक्यातच बंद असतात, खोक्याची पट्टीसुद्धा काढलेली नसते. या मोटर उद्या दुसऱ्या कुठल्याही जॉबला लागू शकतात. त्यांनी या मशीनचं काम एक इंचही पुढे नेलेलं नाही. तो माल स्टॉकमध्ये राहतो. मग कामाचा खर्च २४ लाख, म्हणजे ६० पैकी ४० टक्के, आणि विक्री ३२ लाख. एका बंद खोक्याने १२ लाखांचा फरक पडला.

आमचे मुख्य फिटर काका माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांना मी टक्के विचारत नाही, काय बसलंय आणि काय नाही ते विचारते. एकदा माझ्या हिशेबाने निम्मं काम झालं होतं आणि काका म्हणाले, ‘ताई, सांगाडा उभा आहे, पण फीडची प्लेट चुकीची कापली गेली, ती परत करतोय.’ चुकीच्या प्लेटचा माल आणि मजुरी खर्चात जातेच, पण तिला प्रगती धरायची नाही. तशी धरली तर जितकी जास्त वाया घालवाल तितकी जास्त विक्री दिसेल. कॉम्प्युटरमध्ये ही प्लेट मला कधीच दिसली नसती.

ज्यांचा हक्क नाही त्यांची विक्री एका क्षणी होते, मशीन त्यांच्या ताब्यात जातं तेव्हा. तो क्षणही वाटतो तितका साधा नाही. २०२२ च्या ३१ मार्चला रात्री नऊ वाजता एक मशीन हिमाचलमधल्या बद्दीला जायला गेटबाहेर पडलं. बिल झालेलं, माल वाहून न्यायचं ई-वे बिल झालेलं, सगळे टाळ्या वाजवून घरी गेले. पण ऑर्डर त्यांच्या प्लांटपर्यंत पोहोच देण्याची होती, वाटेत काही झालं तर नुकसान आमचं. गाडी वर्ष बदलताना रस्त्यात होती. मी ती विक्री नव्या वर्षात टाकली. त्या आठवड्यात माझ्याशी नीट बोलायला कुणी तयार नव्हतं, कारण वर्षाच्या विक्रीवर कामगारांचा इन्सेंटिव्ह ठरतो. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. इन्सेंटिव्ह पुढच्या वर्षी मिळाला, पण जूनमध्ये शाळेची फी भरताना पुढचं वर्ष कामाला येत नाही.

तोट्याच्या ऑर्डरीचा नियम मात्र मला सगळ्यात आवडतो, कडक असला तरी. २०२१ मध्ये स्टीलचे भाव असे चढले की आधी दिलेल्या किमतीत काम परवडेना. समजा, तेच ८० लाखांचं मशीन आता ८४ लाखांत पडणार. काम ४० टक्केच झालंय म्हणून तोट्याचेही ४० टक्केच दाखवायचे, असं चालत नाही. पूर्ण ४ लाख आजच, या तिमाहीत. जुन्या एएस ७ मध्येही हेच होतं. त्यामुळे कोटेशन देणाऱ्या मुलांना भाववाढीची अट घालण्याचं महत्त्व एका दिवसात कळलं, जे मी दोन वर्षं सांगत होते.

जीएसटी आणि आयकर यांचं गणित याहून वेगळं आहे, त्यात आज शिरत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की मालाच्या ॲडव्हान्सवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी लागत नाही, तो बिलावर लागतो. आणि आयकरासाठी मशीन नीट चालेपर्यंत गिऱ्हाइकाकडे अडकून राहिलेले ते १० टक्केही कंत्राटाच्या विक्रीत धरायचे असतात. तीन ठिकाणी तीन आकडे येतात. ते का वेगळे आहेत याचा तक्ता मी दर वर्षी हाताने करते.

माझ्या टेबलावर आता दोन रंगांच्या फाइली असतात. हिरवी म्हणजे काम चालेल तशी विक्री, पिवळी म्हणजे ताबा दिल्यावर. पीओ आला की आधी मागची पानं, मग पुढची. या आठवड्यात एक नवी ऑर्डर आली आहे, सिरप भरण्याच्या लाइनची, १ कोटी १० लाखांची. मागच्या पानावर रद्द झाल्यास ‘मालाचा खर्च’ एवढंच लिहिलंय. मी पेन्सिलने त्याखाली ‘झालेल्या कामाच्या प्रमाणात ऑर्डरची किंमत’ असं लिहून परत पाठवलं. त्यांच्या परचेसवाल्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. साहेबांनी स्वतः फोन केला. उद्या अकरा वाजता परत बोलायचं ठरलंय. काकांनी ड्रॉइंग बघून मालाची यादीसुद्धा काढायला घेतली आहे. जॉब नंबर दिलाय, पण फाइल अजून घेतलेली नाही.