रेसट्रॅकचा रस्ता आणि पुढून उचललेली टॅकोमा

पिकअपला लेव्हलिंग किट (पुढची बाजू उचलून गाडी सपाट दिसावी म्हणून बसवायचे तुकडे) बसवून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅलीला जायचा बेत असेल, तर आधी हे वाचा. विशेषतः दुकानात तुम्हाला "पुढून दोन इंच उचला, बाकी कशाला हात लावायची गरज नाही" असं सांगितलं असेल तर. मलाही तेच सांगितलं होतं. त्या सल्ल्याचा हिशेब युबेहीबी क्रेटर (ज्वालामुखीचं विवर) ते रेसट्रॅक (सरकणाऱ्या दगडांचं कोरडं तळं) या २७ मैलांत माझ्या पाठीच्या मणक्यांनी चुकता केला.

गाडी टोयोटा टॅकोमा, तिसऱ्या पिढीची, डबल कॅब, फोर बाय फोर. पिकअप कारखान्यातून येते तीच मागून उंच आणि पुढून खाली. हौद्यात माल भरल्यावर मागच्या स्प्रिंगचे पाटे दबून ती सपाट व्हावी, म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली असते. रिकामी उभी राहिली की नाक खुपसल्यासारखी दिसते, म्हणून लोक पुढून उचलतात. दुकानदाराने रिकामी गाडी मोजली, माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं नवऱ्याकडे बघून दिली (गाडी माझी, पैसे माझे), आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगांवर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे जाड तुकडे, चढवून दिले. गाडी दिसायला झकास झाली, हे मान्य.

मग आम्ही सामान भरलं. छतावरचा तंबू, फ्रिज, जास्तीचा टायर, पाण्याचे कॅन. पाच गॅलनच्या एका कॅनमध्ये नुसतं पाणीच ४० पौंडांच्या वर भरतं, आणि डेथ व्हॅलीत पाण्यात काटकसर करायची नसते. मागचं बूड बसलं आणि नाक आभाळाकडे. लॉस एंजेलिसहून हायवे ३९५ ने वर निघालो तेव्हा रात्री समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला डिपर मारत होता. माझे हेडलाइट साधेच होते, पण थेट त्यांच्या डोळ्यांत. ओलांचा गावाला हायवे १९० वर वळेपर्यंत वाऱ्यात गाडी अशी भरकटत होती की स्टिअरिंगवरून एक हात काढायची सोय नव्हती.

पॅनामिंट, स्टोव्हपाइप वेल्स, वाळूच्या टेकड्या, सगळं छान. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

आता तो रस्ता. क्रेटरपाशी डांबर संपतं आणि वॉशबोर्ड सुरू होतो: आडव्या सऱ्या, एकामागून एक, पन्हाळी पत्र्याच्या छपरावरून गाडी न्यावी तशा. टायरची हवा २२ पीएसआयपर्यंत उतरवली, तरी पहिल्या मैलातच पुढून ठण् असा आवाज आला. मग दर खड्ड्याला ठण्. नवऱ्याला वाटलं बोल्ट सुटला. उतरून चाकाच्या आत टॉर्च मारला तर सगळं घट्ट. शॉकच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) बाहेरच्या भागावर हात ठेवला तर टेकवत नव्हता, इतका तापलेला.

कारण साधं आहे, दुकानात कोणी सांगत नाही इतकंच. आमचा स्पेसर स्प्रिंगला आणखी दाबून बसवायचा. त्याने गाडी उचलली जाते, पण शॉकची लांबी तेवढीच राहते. म्हणजे चाक खाली जायला जी जागा हवी, तिच्यातली बरीचशी आधीच संपलेली. खड्डा आला, चाक खाली गेलं, शॉक पूर्ण ताणला गेला आणि शेवटाला आपटला. तोच तो ठण्. स्पेसरचा दुसरा प्रकार शॉकच्या माथ्यावर बसवायचा. त्यात आवाज कमी येतो, पण चाक ठरलेल्या हद्दीच्या खाली लोंबतं आणि त्याचा ताण बॉल जॉइंट, ॲक्सल आणि वरच्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या भागांवर) येतो. शहरात दोन्ही चालतात. या रस्त्यासाठी माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत.

वाटेतल्या टीकेटल जंक्शन या फाट्यावर लोकांनी टांगलेल्या किटल्या बघून हसायचं त्राणही उरलं नव्हतं. रेसट्रॅक मात्र खरंच अद्भुत आहे. दगडांमागे उमटलेल्या त्या रेघा पातळ बर्फाचे पापुद्रे आणि वारा यांच्यामुळे होतात, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. जमीन ओली असेल तर तिच्यावर पाऊल टाकू नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात. पाहून झालं की तेच २७ मैल परत, हे निघतानाच लक्षात असू द्या.

किट घ्यायचंच असेल तर आधी गाडी प्रवासाला भरतात तशी पूर्ण भरा, माणसं आत बसवा आणि मग मोजा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना, भरलेली आणि रिकामी. पुढचं मडगार्ड आणि मागचं मडगार्ड यांची आपसात तुलना करू नका, त्यांच्या कमानी मुळातच वेगळ्या उंचीच्या असतात. सपाट आहे की नाही ते दाराखालच्या पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. भरल्यावर मागचं बसत असेल तर पहिला खर्च मागच्या पाट्यांवर. जास्तीचा पाटा टाका किंवा वजन सतत बदलत असेल तर एअर बॅग (मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी). मात्र दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो पेलोड (गाडीने वाहायच्या वजनाची मर्यादा) लिहिलाय तो यातल्या कशानेही वाढत नाही. माल मागे बसतोय म्हणून पुढून उचलणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

पुढे स्पेसरच्या जागी उंची ठरवता येणारे शॉक घ्या, उदाहरणार्थ बिल्स्टीन ५१००, आणि त्यातही उंचीची सगळ्यात वरची खाच टाळा. स्पेसरची जाडी आणि गाडीची उचल एक नसते. शॉक चाकाच्या बराच आत बसवलेला असतो, त्यामुळे एक इंचाच्या तुकड्याने चाकापाशी जवळपास दुप्पट उचल मिळते. अडीच-तीन इंचांच्या वर गेलात की वरचे आर्मही बदलावे लागतात. एवढी हौस नसेल तर मूळ गाडीच घेऊन जा. चांगले ऑल-टेरेन टायर आणि पूर्ण आकाराची स्टेपनी असली की कारखान्यातून आली तशी टॅकोमा इथे जाते. आम्हाला ओलांडून गेलेली टॅकोमा तशीच होती. चालवणाऱ्या आजोबांनी हातसुद्धा केला.

राहिलं बिल. ऑनलाइन शंभर डॉलरच्या आत मिळणाऱ्या त्या स्पेसरच्या जोडीला दुकानाने दुपटीहून जास्त लावले, शिवाय 'हार्डवेअर' आणि 'शॉप सप्लाय' अशा दोन वेगळ्या ओळी. "चाकांची अलाइनमेंट लागत नाही" हे तोंडी आणि फुकट. परत आल्यावर पुढच्या टायरांच्या कडा झिजलेल्या दिसल्या, तेव्हा त्याच दुकानाने अलाइनमेंटचे वेगळे पैसे सांगितले. मी दुसरीकडे गेले. पुढून उंची बदलली की अलाइनमेंट लागतेच, त्यात "बघू" काही नसतं. किंमत ठरवतानाच ती धरून बोला, आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागा, आणि भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट खाली करून घ्या.