उघडझाप

बटणांचा, घडी होणारा मोबाइल आजच्या काळात हौसेने विकत घेणाऱ्याकडे लोक दोनच प्रकारे पाहतात: एक तर याला मोठा फोन परवडत नसावा, नाही तर याला काहीतरी लपवायचे असावे. दुकानातल्या मुलाने तिसरी शक्यता काढली. खोके उघडता उघडता त्याने ‘आजोबांसाठी का?’ असे विचारले आणि मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो.

सुरुवातीला मी फोनपेक्षा त्याची बिजागरीच अधिक वापरली. अंगठ्याचे नख फटीत सारून झाकण उचलू लागले की आधी ते हटून बसते, पण एका ठरावीक कोनापलीकडे गेले की आतल्या स्प्रिंगचा जोर उलट्या बाजूला लागतो आणि उरलेले अंतर झाकण आपणहून कापते. मिटताना हाच खेळ उलट चालतो आणि चुन्याची डबी बंद व्हावी तसा ठसक्यात ‘टक्’ आवाज येतो. पडद्याकडे जाणाऱ्या तारांची चपटी, कागदासारखी पट्टी या बिजागरीतूनच जाते आणि प्रत्येक उघडझापीला वाकते. हे कळल्यापासून मी विनाकारण उघडझाप करणे कमी केले आहे, सोडलेले नाही.

कानापासून तोंडापर्यंतची लांबी खिशात मावत नाही, ही या घडीमागची मूळ अडचण. इटलीत मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी १९६०च्या दशकातच ‘ग्रिलो’ नावाचा घडीचा घरगुती टेलिफोन घडवला होता. मोटोरोलाने १९९६ साली ‘स्टारटॅक’ आणला, तो अवघा ८८ ग्रॅमचा, आणि २००४ साली आलेल्या ‘रेझर’ची जाडी तर मिटलेल्या अवस्थेत १४ मिलिमीटरांहूनही कमी होती. त्यामानाने माझा फोन चांगलाच गुटगुटीत आहे. तरी उघडल्यावर त्याचा खालचा भाग गालाला वळसा घेऊन तोंडाजवळ येतो, त्यामुळे आवाज आपोआप खाली उतरतो, आणि आमच्या घरी आज कोणती भाजी न्यायची आहे हे डोंबिवली लोकलमधल्या शेजारच्या प्रवाशाला आता कळत नाही.

खरी कसोटी लागते ती मराठीत संदेश लिहिताना. व्यंजनांचा एकेक वर्ग एकेका बटणावर बसवलेला असल्याने ‘ट’ एका दाबात मिळतो, तर ‘ण’साठी तेच बटण पाच वेळा दाबावे लागते, कोणते अक्षर आपल्या वर्गात कितवे, हा शाळेनंतर अडगळीत पडलेला हिशेब त्यामुळे पुन्हा तोंडपाठ झाला. शिवाय इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरांची मुभा असते, देवनागरीत मात्र एका संदेशात ७०च चिन्हे मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ला सात खर्ची पडतात, एकट्या ‘क्ष’ला तीन. साहजिकच मी नमस्कार गाळू लागलो. ‘पोचलो. जेवण नको.’ एवढाच मजकूर धाडल्यावर घरून लगेच फोन आला, ‘रागावलायस का?’ तेव्हापासून लिहिण्यापेक्षा बोलणेच सोयीचे, असे आम्हा दोघांनाही पटले आहे.

पैशांच्या बाबतीत मात्र हा फोन लंगडा पडतो. साध्या फोनवरूनही यूपीआय व्यवहार करता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ‘यूपीआय १२३पे’ सुरू केले आहे, पण मागे रांग खोळंबलेली असताना कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी आकडे दाबत उभे राहण्याचा धीर मला होत नाही. म्हणून पाकिटात पुन्हा नोटा आल्या, आणि सुट्ट्या पैशांवरून वाण्याशी होणारी, मध्यंतरी बंद पडलेली वादावादीही पूर्ववत सुरू झाली.