बाळू आज कशाने गेला?

रात्रीची भांडी आवरून झाली की बायको विचारते, "मग, बाळू आज कशाने गेला?"

बाळू म्हणजे नेटहॅक या खेळातला माझा वीर. दिसायला नुसता @. खेळ 1987 सालचा, मी अजून त्याच जुन्या रूपात खेळतो. चित्रं नाहीत, आवाज नाही. काळ्या पडद्यावर # म्हणजे बोळ, $ म्हणजे सोनं, आणि इंग्रजी डी दिसला की कुत्रा नाहीतर कोल्हा. पन्नासेक मजले खाली उतरून येंडरचा ताईत वर आणायचा, एवढंच काम. इतक्या वर्षांत तो ताईत मी लांबूनही पाहिलेला नाही. कारण इथे मेला तो मेला. अर्धा डाव ठेवून झोपता येतं, पण वीर गेला की ठेवलेला डावही जातो. पुन्हा पहिला मजला.

गंमत म्हणजे बाळू मोठ्या राक्षसांपर्यंत पोचतच नाही. तो मरतो ते कुठल्याही आजीने हटकलं असतं अशा गोष्टींनी. मारलेलं जनावर खाता येतं, पण पन्नास चालींहून शिळं झालेलं पोटात गेलं तर खेळ खलास होऊ शकतो. कॉकट्राइस नावाचं एक कोंबडीसारखं ध्यान आहे. मेलेलं असलं तरी उघड्या हाताने उचललं की आपला दगड होतो. आणि देव! जीव सातव्या हिश्शाखाली आला की त्याला हाक मारायची, तो धावून येतो. मात्र एकदा मागितलं की पुढच्या हजारेक चाली गप्प बसायचं. आमची आई विठोबाला दिवसातून चारदा काहीबाही सांगायची. तिचा बाळू दुसऱ्या मजल्यावरच आटोपला असता.

काल बाळू मांत्रिक होता, सोबत मांजराचं पिल्लू. पाचवा मजला, समोर एक निळा ई. हा तरंगता डोळा. स्वतःहून काही करत नाही, पण त्याला हाताने मारायला जावं तर त्याच्या नजरेने आपणच थिजतो. मांजरही सहसा त्याच्या वाटेला जात नाही. मला हे पाठ आहे. तेवढ्यात फोन वाजला. डाव्या हातात फोन, उजवा हात बाणाच्या कळीवर, आणि "हॅलो" म्हणता म्हणता एक पाऊल जास्त पडलं.

थिजल्यावर देवाला हाक मारायलासुद्धा तोंड उघडत नाही. कोपऱ्यातून एक डी आला, मागून दुसरा, तिसरा. पहिल्या मजल्यावर ज्यांना मी सहज उडवतो तेच कोल्हे. मी नुसता बघत होतो. मग थडगं उमटलं: नाव, गाठीचं सोनं, मरणाचं कारण, साल.

"कोल्ह्यांनी खाल्ला," मी म्हणालो.

"आणि मांजर?"

"ते लांब उभं होतं."

"त्याला कळतं," म्हणून ती दिवा मालवायला गेली. मी म्हटलं, पाचच मिनिटं. पहिल्या मजल्यावर नवा @ उभा होता, आणि त्याला खेटून एक एफ, म्हणजे पुन्हा मांजरच.