गोडी भरत नाही, तेव्हा पानं उलटून बघा

जालन्याच्या कडवंचीच्या शिवारात किंवा लातूर-धाराशिवकडे शरद सीडलेस या काळ्या द्राक्षाच्या बागेत पानं लाल झाली की आपण लगेच पालाश नाहीतर मॅग्नेशियम ओततो. आधी शिरा बघा. पानाचा मधला भाग लालजांभळा, शिरा मात्र हिरव्या, कडा खाली वळलेल्या आणि बुडाकडची जुनी पानं आधी धरलेली, तर पर्णवळ (लीफरोल) विषाणूची दाट शंका घ्या. थॉम्पसनसारख्या पांढऱ्या जातीत हा लाल रंग येत नाही, नुसता पिवळटपणा दिसतो, म्हणून तिथे तो लपून राहतो.

हा विषाणू पानातली साखर मण्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांतच राहतो. वाट अडते, साखर पानातच साचते आणि तिचा स्टार्च होतो. म्हणून पान जाड लागतं, मुठीत चुरलं तर कडकन मोडतं. साचलेल्या साखरेमुळेच पानात लाल रंगद्रव्य बनतं. मण्यात मात्र ते कमी पडतं. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, मागे राहतो, आम्लता उतरत नाही.

ही गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लावताना घडाचा खांदा, मध्य आणि टोक, तिन्हीकडचे मणी एकत्र चुरडा. संशयित आणि निरोगी वेलीचं माप एकाच सकाळी घ्या.

खात्री प्रयोगशाळेतच होते, एलायझा किंवा आरटी-पीसीआर या विषाणू ओळखणाऱ्या चाचण्यांनी. त्यासाठी काढणीच्या सुमारास जुन्या पानांचे देठ द्या, कोवळे शेंडे नकोत.

औषध नाही. हा विषाणू पसरायची भीती कात्रीपेक्षा कलमाच्या काडीची आणि पिठ्या ढेकणाची. अशा वेलीची काडी डॉगरिज खुंटावर अजिबात भरू नका. काढणीनंतरच्या खरड छाटणीनंतर ओलांड्याची (वेलीच्या आडव्या फांदीची) सुटी साल काढून जाळा, ढेकणाला जपणाऱ्या मुंग्यांवरही लक्ष ठेवा.