कमळ पास, केळी नापास

मे महिन्यातला शनिवार. भुसावळात या दिवसांत दुपारी घराबाहेर पडवत नाही, म्हणून ओपन सोर्सचं, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडचं, काम आम्ही तेव्हाच काढतो. मी इथे, माझी सहकारी अमळनेरला, दोघांसमोर एकच ब्रँच, म्हणजे कोडची कामापुरती वेगळी प्रत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका वेब फ्रेमवर्कचं (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याचं) स्लगचं फंक्शन आम्ही तपासत होतो. स्लग म्हणजे शीर्षकावरून तयार होणारा लिंकचा शेवटचा तुकडा. युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकाला कळावीत म्हणून केलेली यादी) चालू केलं की मराठी शीर्षकाची मराठी लिंक होते, असं मी छातीठोकपणे सांगत होतो. फंक्शन नीट चालतं का ते तपासणारी टेस्टही मीच लिहिली होती: ‘कमळ’ दिलं की ‘कमळ’ मिळतं.

तिने ‘केळी’ दिलं. उत्तर आलं ‘कळ’. ‘काळी’ दिलं, पुन्हा ‘कळ’. भुसावळचं ‘भसवळ’, रावेरचं ‘रवर’.

“भाऊ, हाई काय शे?” एरवी कामाचं बोलताना ती अहिराणीवर येत नाही.

पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या खुणांमध्ये) बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. युनिकोडमध्ये क, ळ ही अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे मात्र ‘मार्क’ या वेगळ्या गटात. मोकळी जागा आणि डॅश सोडून, बॅकस्लॅश-डब्ल्यूत न बसणारं सगळं फंक्शन काढून टाकतं. ‘कमळ’मध्ये काढण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून माझी टेस्ट वर्षभर हिरवी, म्हणजे पास, राहिली. मराठी साइट करणारे लिंक रोमनमध्ये टाकून मोकळे होतात आणि बग कोणी कळवत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

दुरुस्ती छोटी होती: चिन्हाची युनिकोड कॅटेगरी बघायची, मार्क असेल तर ठेवायचं. फ्रेमवर्क सांभाळणाऱ्या परदेशातल्या मेंटेनरने विचारलं, ही चिन्हं गेली तर वाचणाऱ्याचं काय अडतं? तिने उत्तर लिहिलंच नाही. ‘क’ची अख्खी बाराखडी टेस्टमध्ये घातली. जुन्या कोडवर बाराच्या बारा ‘क’. पुढे वाद झाला नाही. जुन्या लिंका तुटतील ही त्याची दुसरी शंका मात्र रास्त होती; त्यासाठी वेगळं सेटिंग ठेवलं.

बाराखडी पास झाल्यावर तिने ‘सातपुड्याच्या दऱ्या’ टाकलं. निघालं ‘सातपुड्याच्या-दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! तिच्या कीबोर्डवरून ‘ऱ्य’ येतो तो र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी खूण) असा. जॉइनर मार्क नाही, म्हणून तो गळला. माझ्या कीबोर्डवर थेट ‘ऱ’ येतो. मला हे कधी दिसलंच नसतं.

ती म्हणते, र-हलन्त-जॉइनर दिसलं की आधी ‘ऱ’ करून घ्यावं. पण नेपाळी लोक जॉइनरनेच लिहितात. त्यांचं अक्षर आपण का बदलावं? जॉइनर तसाच ठेवला, तर डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन लिंका वेगवेगळ्या पानांवर जातील. रात्री दहापर्यंत बोललो, जमलं नाही. ‘दऱ्या’ची टेस्ट ब्रँचवर अजून लाल आहे. मी ती काढलेली नाही.