तीन दिवस टॉर्सला शिव्या घातल्या

गाडी माझ्याकडे आली तीच एक खोड घेऊन. अंगठा अर्ध्यापर्यंत दाबला की घशात काहीतरी अडकल्यासारखी गुरगुरायची, त्याच्यापुढे काही केल्या रेस घ्यायची नाही. सोडला की पुन्हा शहाण्यासारखी आयडलला. यामाहा ब्लास्टर, 1999 ची, चार चाकांची क्वाड बाइक; रेस अंगठ्याच्या लिव्हरनं द्यायची. 195 सीसी, एअर-कूल्ड टू-स्ट्रोक, किक मारून चालू करायची. हे मॉडेल 1988 ते 2006 एवढा काळ निघालं, त्यामुळे तिच्याबद्दल सल्ला द्यायला प्रत्येकजण तयार असतो. आणि सगळ्यांचा सल्ला एकच: "टॉर्स काढून टाक."

टॉर्स म्हणजे थ्रॉटल ओव्हरराइड सिस्टिम. कल्पना साधी आहे. एक स्विच अंगठ्याच्या लिव्हरपाशी, दुसरा कार्बच्या, म्हणजे कार्बुरेटरच्या, डोक्यावरच्या चौकोनी डबीत. लिव्हर सोडलेली आहे, पण कार्बमधली स्लाइड, म्हणजे वर-खाली होऊन हवा-पेट्रोलची वाट उघडणारा तुकडा, वरच अडकलीय, असं दिसलं की सिस्टिम इग्निशनमध्ये हात घालते आणि इंजिनाला रेस घेऊ देत नाही. पार्किंग ब्रेकचा स्विचही याच साखळीत. म्हणजे रेसच्या केबलला ढील जास्त झाली, स्विचमध्ये पाणी गेलं किंवा कनेक्टर गंजला, तरी गाडी नेमकी तशीच गुरगुरणार. गाडीच्या आधीच्या मालकानं तारांवर इतकी टेप गुंडाळली होती की वायरिंग आहे की मलमपट्टी हेच कळेना. संशय घ्यायला जागा होती.

डबीकडे जाणारा कनेक्टर काढून फेरी मारली. गाडी सुधारली! निदान पाच मिनिटं तसं वाटलं. मग पुन्हा तेच. इथं थांबून विचार करायला हवा होता, पण टॉर्स काढायचं किट आधीच मागवून बसलो होतो. वस्तू घरात आली की ती बसवायचीच, हा माझा जुना रोग.

काढणं अवघड नाही, पण एक गोष्ट हमखास विसरली जाते. आयडलचा स्क्रू त्याच डबीत असतो. डबी गेली की आयडल गेलं. म्हणून कार्बच्या बाजूला वेगळा स्क्रू बसवावा लागतो, साधं झाकण लागतं आणि वेगळ्या लांबीची केबल. केबल मी टाकीखालून घातली, गाडी चालू केली, आयडल छान लागलं. सहज हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर रेस आपोआप चढली. केबल ताणली जात होती. हे वळणावर लक्षात आलं असतं तर? तेव्हापासून कुठलीही केबल बदलली की इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो.

आणि गुरगुर? जशीच्या तशी.

शेवटी कार्ब उतरवला तेव्हा एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, आतून ओला दिसला. पेट्रोल उलटं फेकलं जात होतं. ही खूण पहिल्या दिवशी पाहिली असती तर तीन दिवस वाचले असते. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या पोकळीत, क्रँककेसमध्ये, ओढ तयार होते, रीडच्या (कार्ब आणि इंजिन यांच्यामधल्या एकमार्गी झडपेच्या) पाकळ्या उघडतात आणि मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की पाकळ्या मिटून परतीची वाट बंद करतात. वाट बंद झाली नाही तर माल कार्बमधून मागे. रीडचा पिंजरा काढून उजेडाकडे धरला. एका पाकळीचा कोपरा नखाएवढा तुटलेला, दुसरी नीट टेकतच नव्हती.

पहिला प्रश्न: तो तुकडा गेला कुठे? स्टीलचा तुकडा जायला एकच रस्ता असतो, इंजिनातून. सायलेन्सरचा पाइप काढून पोर्टमधून पिस्टन पाहिला. एक बारीक ओरखडा होता, बोटाला लागत नव्हता. नशीब.

नव्या पाकळ्या कार्बन फायबरच्या घेतल्या. त्या झिजतात, कडा पिंजारतात, पण तुटून आत गेल्या तर स्टीलइतकं नुकसान सहसा करत नाहीत. जाड पाकळी वरच्या आरपीएमला फडफडत नाही, पातळ पाकळी खालून पटकन उघडते. मला शर्यत जिंकायची नव्हती, म्हणून मधल्या घेतल्या. पाकळ्यांच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा चिकट द्रव) लावला, कारण सुटलेला स्क्रूही त्याच रस्त्यानं जातो. गॅस्केट नवं घातलं, आणि चालू इंजिनावर जोडाभोवती कार्ब क्लीनर फवारून पाहिलं. आयडल हललं असतं तर हवा शिरत होती असा अर्थ. हललं नाही.

गाडी मोकळी झाली, पण स्पार्क प्लग पांढुरका यायला लागला, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. आता इंजिन नीट श्वास घेत होतं आणि कार्बमधलं जुनं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, त्याला कमी पडत होतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की इंजिन जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ती पिस्टन जाम होण्याकडे वाटचाल. मुख्य जेट दोनदा वाढवलं, तेव्हा कुठे प्लगवर बदामी रंग आला. 'रीड टाका आणि विसरा' म्हणणाऱ्यांनी हा भाग कधी सांगितला नव्हता.

महिन्याभरानं तिसऱ्या गिअरमध्ये अंगठा सोडला आणि रेस उतरलीच नाही. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. जॅकेटला अडकवलेली किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी मी टॉर्स काढला त्याच दिवशी बसवली होती. ती ओढली. इंजिन बंद. एअर फिल्टर धुतल्यावर त्याची कड मी नीट बसवली नव्हती, आणि रेतीचे कण स्लाइडशेजारी जाऊन बसले होते. चूक शंभर टक्के माझी. पण दोरी ओढायचं मला सुचेपर्यंत गाडी बरीच पुढे गेली होती. टॉर्सला सुचावं लागलं नसतं.

भाचा वीस वर्षांचा, त्यालाही ही गाडी चालवायची असते. त्यानं विचारलं, "मामा, मग ती डबी परत बसवणार का?"

डबी खणात आहे, स्विचसकट. तारा टेप सोडवून स्वच्छ केल्यात, चिठ्ठ्या लावल्यात. तो चालवणार असेल तर बसवेन म्हणतो, अजून बसवलेली नाही. तोवर त्याला गाडी मिळते ती दोन अटींवर. दोरी मनगटाला, आणि किक मारायच्या आधी अंगठा पूर्ण दाबून झटक्यात सोडायचा, कार्बमध्ये स्लाइड 'टक' करून खाली पडल्याचं ऐकायचं. पहिल्यांदा तो हसला होता. परवा मी आत चहा घेत होतो, तर बाहेरून तीनदा 'टक' ऐकू आलं, मग किक.